साखळीचं दुसरं टोक

आम्ही दोघंच. इस्तारी मडावी आणि मी, बेबीनंदा.
दीड तासात पाचशे वर्षं, असं पोस्टरवर छापलंय.
त्यातली साठेक वर्षं
मागच्या महिन्यापासून गाळतो,
ओम्नी ढकलून इस्तारीला धाप लागते म्हणून.

राजे सगळे मी करते.
मिशी एकच. तिचा डिंक सुटला
की घराणं बदलतं.
राण्या इस्तारीकडे, शिवाय हत्ती, शिवाय पेंढारी,
शिवाय दुष्काळ.
दुष्काळ त्याला फार छान जमतो:
काही करत नाही,
पहिल्या रांगेतल्या पोराच्या
फुटाण्यांकडे नुसता बघत राहतो.

मंडईचे दिवस मोठ्या कंपन्यांचे,
त्यांचे पडदे, त्यांचा ऑर्गन, त्यांचे ट्रक.
आम्ही निघतो मोह गळायला लागल्यावर,
समाजमंदिरं धुंडाळत.
कुठे रेशनची पोती,
कुठे लग्नाची गंजं,
कुठे भिंतीवर रंगवलेलं पोलिओचं बाळ, तोंड उघडं,
आणि त्याच्यापुढे मी किल्ला लढवते.

सावरटोल्याला पोचलो तेव्हा
फोनच्या नकाशात आमचा निळा ठिपका
कोऱ्या जागेत थरथरत होता.
रस्ता नाही, नाला नाही, नाव नाही.
इस्तारी म्हणाला, "पोचलो वाट्टे इतिहासात."
किल्ली पोलीस पाटलाच्या सुनेपाशी, सून मोहफुलं वेचायला.
अंधारता आली, ओच्यात वास घेऊन.
कुलूप काढून एवढंच म्हणाली,
"पंखा लावू नका जी. पडते."

तर तो मोजणीचा प्रवेश.
मी टॉमकिन्स साहेब, डोक्यावर उलटं टोपलं.
इस्तारी कारकून, आणि गरज पडली की घोडा.
साखळीचं एक टोक माझ्या हाती,
दुसरं खुर्चीच्या पायाला,
कारण तिथवर येईतो
आमच्याकडची माणसं संपतात.
साहेब ओढतो, खुर्ची घासत येते,
रयतेची जमीन आखडत जाते.
इथे हशा ठरलेला.

मागून आवाज आला:
"थांबा जी. त्या टोकाले खुर्ची नोती.
माह्या आज्याचा बाप होता."

डोमाजी कुंभरे. ऐंशीच्या पुढचे.
काठी भिंतीला टेकवली, आले,
खुर्चीची गाठ सोडली,
टोक मुठीत धरलं.
त्यांच्यासाठी आमच्या वहीत वाक्यच नव्हतं.
इस्तारी घोडा होता, तो घोडाच राहिला,
गुडघ्यांवर.

"ओढा, साहेब."
मी ओढली.
"आता तिकडं पाहा. चिरूट पेटवा."
मी पाठ वळवली.
वळून बघते तर
खुंटी दोन पावलं पुढे ठोकलेली,
आणि डोमाजी वर आढ्याकडे बघत,
अगदी गरीब चेहऱ्यानं.

"दर साखळीले दोन पावलं.
असे बारा एकर उरले जी, कागदावर न आलेले.
हे समाजमंदिर? ते त्यातलंच हाय."

मग जे हसले लोक,
ते आमच्या विनोदाला हसतात तसं नाही.
घरातली चोरी पिढ्यान्‌पिढ्या पचली
की हसतात तसं,
बायका पदर तोंडात कोंबून,
एक म्हातारी तर चक्क रडत.
इस्तारी खिंकाळला. दुसरं काय करणार?

मानधन सातशे रुपये आणि पायलीभर लाखोळीची डाळ.
निघताना सुनेनं खिडकीत हात घातला,
"बाहेर बोलू नका बरं, ताई."
म्हणून सांगते,
सावरटोला हे त्या गावाचं नाव नाही.
कुंभरेही नाही.
मोह मात्र खरा.

पुढच्या गावी परत खुर्ची बांधली.
लोक हसले, पोटभर.
फक्त साखळी ओढल्यावर
मी आता पाठ वळवून उभी राहते,
चिरूट पेटवल्यासारखी,
जरा जास्तच वेळ.

इस्तारी चिडतो, "काहून लांबवतेस?
खुर्चीच हाय ते.
काही चालून नाही जात."